वेगदेवतेचा नैवेद्य : बर्ट मन्रो यांच्या चरित्राचा शोध



आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत गेली काही वर्षे आम्ही यथाशक्ति ऐतिहासिक मजकूर लिहीत आलो आहोत. समाजातील जुनी घराणी, देवळांच्या घंटा व समया घडविणारे कारागीर, भट्टीच्या कामातील विस्मृत होत चाललेले शब्द, हे आमचे नेहमीचे विषय. यंदाचा विषय मात्र सातासमुद्रापलीकडचा आहे. न्यूझीलंड देशाच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या एका लहानशा शहरातील एका मोटारसायकलस्वाराचे चरित्र आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत. 'मास्तरांना या वयात हे काय सुचले?' असे कोणी म्हणेल, तर त्यास आमच्याजवळ दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, हा गृहस्थ स्वार म्हणून प्रसिद्ध पावला असला तरी मुळात तो ओतकाम करणारा व धातूशी झुंजणारा कारागीर होता, आणि अशा माणसाची ओळख आपल्या समाजास परकी वाटू नये. दुसरे उत्तर आमच्या स्वतःच्या एका चुकीशी निगडित आहे. ते लेखाच्या अखेरीस सांगू.

निमित्त घडले ते असे. आमचा नातू सुटीत घरी आला असता त्याने आम्हांस एक इंग्रजी चित्रपट दाखविला. 'द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन' हे त्याचे नाव. इ. स. २००५ मध्ये निघालेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन असून त्यात मुख्य भूमिका अँथनी हॉपकिन्स या विख्यात नटाने केली आहे. नाव ऐकून आम्हांस वाटले, कोणी तरी भारतीय धावपटू असावा. नातू हसून म्हणाला, "आजोबा, इंडियन म्हणजे माणूस नव्हे, गाडी." आणि खरोखरच तसे होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड या गावी जॉर्ज हेंडी व ऑस्कर हेडस्ट्रम या दोघांनी इ. स. १९०१ मध्ये जी मोटारसायकल तयार केली, तिला 'इंडियन' हे नाव मिळाले. त्या देशाच्या मूळ रहिवाशांवरून ते घेतलेले होते. आणि त्या रहिवाशांना 'इंडियन' म्हणण्याचा प्रघात पडला तो कोलंबस हिंदुस्थानच्या शोधात निघून भलत्याच किनाऱ्यास लागला म्हणून! अशा रीतीने आपल्या देशाचे नाव एका चुकीच्या पायी एका परक्या गाडीवर जाऊन बसले. या लेखात चुका व त्यांच्या दुरुस्त्या यांचाच विषय पुढे येणार आहे. तेव्हा हा आरंभ त्यास शोभेसाच आहे.

चित्रपट आम्हांस आवडला. परंतु चाळीस वर्षे मुलांना इतिहास व गणित शिकविलेल्या मनुष्यास पडद्यावर दिसलेले सगळेच खरे मानून स्वस्थ बसवत नाही. यांतले घडले काय आणि रचले काय, हा प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि इंग्रजी कामचलाऊ. तथापि नातवाच्या साह्याने, शब्दकोश हाताशी ठेवून, आम्ही या गृहस्थाविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्यांच्यावर दोन चरित्रग्रंथ आहेत : एक जॉर्ज बेग यांचा, इ. स. २००२ मधील, दुसरा टिम हॅना यांचा, २००५ मधील. बेग हे स्वतः त्याच प्रांतातले, मोटारसायकलींच्या शर्यतीत भाग घेतलेले आणि पुढे शर्यतीच्या मोटारी बांधणारे असे जाणते गृहस्थ होते. म्हणजे या स्वाराची गोष्ट पडद्यावर जाण्यापूर्वीच त्याच्या मुलखातील एका माणसाने ती ग्रंथरूपाने जतन करून ठेविली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता मूळ चरित्राकडे वळू.

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी इन्व्हरकार्गिल येथे झाला. जुळ्यांपैकी ते एक. बहीण जन्मतःच निवर्तली, आणि हे बालकही दोन वर्षांपलीकडे जगेल असे दिसत नाही, असे वैद्यांनी आईबापांस सांगितले होते. ते बालक पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षे जगले. बालपण इन्व्हरकार्गिलनजीकच्या ईडनडेल येथील शेतावर गेले. घोडा वेगाने फेकण्याचा नाद त्यांस तेथेच लागला. शेतीत मन रमेना. मध्यंतरी त्यांनी ओटिरा येथील रेल्वेच्या बोगद्याच्या बांधकामावरही काम केले, परंतु वडिलांनी नवे शेत घेऊन त्यांस परत बोलाविले. नावासंबंधी एक गंमत सांगण्याजोगी आहे. 'बर्ट' हे त्यांचे लाडके नाव ते प्रथम एका तऱ्हेने लिहीत. एका अमेरिकन नियतकालिकाने त्याचे स्पेलिंग चुकवून छापले, तेव्हा त्यांनी रुसण्याऐवजी तेच स्पेलिंग पुढे स्वीकारले!

इ. स. १९२० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी 'इंडियन' कंपनीची 'स्काउट' नावाची मोटारसायकल विकत घेतली. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने आखलेली ही गाडी त्या वेळी अगदी नवी होती. तिच्या इंजिनात इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणे मांडलेली दोन सिलिंडरे असून त्यांचे एकूण आकारमान सुमारे ६०० घनसेंटिमीटर होते. कारखान्यातून आली तेव्हा तिचा परमावधीचा वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर होता. सामान्य माणसाने अशी गाडी दहापंधरा वर्षे वापरून मोडीत काढली असती. मन्रो यांनी ती जन्मभर सोडली नाही. १९२६ च्या सुमारास त्यांनी तिच्या यंत्रात फेरफार करण्यास प्रारंभ केला, आणि ते काम पुढे चार दशकांहून अधिक काळ चालू राहिले. जोडीला १९३६ च्या बांधणीची एक वेलोसेट गाडीही त्यांच्यापाशी होती. तिच्यावरही त्यांचे प्रयोग चालत.

येथे आपल्या समाजाच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. मन्रो हे दिवसा मोटारसायकली विकण्याचे व दुरुस्तीचे काम करीत, आणि रात्र स्वतःच्या गाडीसाठी राखून ठेवीत. नवे भाग विकत घेण्यास पैसा नव्हता, आणि जो भाग त्यांना हवा असे तो बाजारात कोठे मिळतही नसे. तेव्हा ते स्वतः ओतू लागले. दट्ट्ये, ज्यांस आपण पिस्टन म्हणतो, ते त्यांनी जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत ओतले. सिलिंडरे व गतिचक्रेही स्वतःच घडविली. दट्ट्यास चक्राशी जोडणारे दांडे त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून कोरून काढले व त्यांस पाणी दिले. सूक्ष्म मापनाचे उपकरण हाती नसे तेव्हा चाकाच्या जुन्या आरीपासून केलेल्या साधनावर भागविले. मूळ इंजिनात झडपा सिलिंडराच्या बाजूस होत्या. त्या रचनेत वायूस वळसा घेऊन आत-बाहेर जावे लागते व शक्ती कमी पडते. मन्रो यांनी डोकी नव्याने घडवून झडपा सिलिंडराच्या माथ्यावर आणल्या. आकारमान वाढवीत वाढवीत त्यांनी ६०० चे अखेर सुमारे ९५० घनसेंटिमीटर केले. भाता, मूस आणि साचा यांच्या संगतीत ज्यांचे पूर्वज वाढले त्यांना हे सांगावयास नको की, पहिला ओत क्वचितच साधतो. कोठे रस अर्धवट थंडावतो, कोठे पोटात पोकळी राहते, कोठे निवताना तडा जातो. आणि हे ओत तर देवघरात शांतपणे बसणारे नव्हेत. मिनिटास हजारो वेळा खालीवर धावणारे. त्यामुळे मन्रो यांची यंत्रे वारंवार फुटली. फुटलेले दट्ट्ये, वाकलेले दांडे, झिजलेले भाग त्यांनी टाकून दिले नाहीत. त्यांच्या कार्यशाळेत एका फळीवर ते मांडून ठेवलेले असत, आणि वर लिहिलेले असे की, हा वेगाच्या देवास वाहिलेला नैवेद्य होय. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कीर्तिचिन्हांमध्ये ही फळी श्रेष्ठ आहे. यशाची पदके सर्वच मांडून ठेवतात; आपल्या अपयशांची इतक्या आदराने मांडणी करणारा मनुष्य विरळा.

घराजवळ ओरेटी नावाचा सरळ व कठीण वाळूचा समुद्रकिनारा आहे. ओहोटीच्या वेळी तेथे ते आपली गाडी पारखीत. त्या किनाऱ्यावर इ. स. १९५७ मध्ये त्यांनी ताशी १३१.३८ मैलांचा न्यूझीलंडचा विक्रम केला. परंतु किनाऱ्यास मर्यादा असते. त्यांचे लक्ष लागले होते ते अमेरिकेतील युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागराकडे.

मिठागर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कोकणातील वा वसईकडील बांधबंदिस्तीची मिठागरे उभी राहतील. बॉनव्हिल तसे नव्हे. पुरातन काळी तेथे एक विशाल सरोवर होते. ते आटून गेले आणि मागे मिठाचा विस्तीर्ण, कठीण थर राहिला. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंचीवरील या मैदानात हिवाळ्यात उथळ पाणी साचते व उन्हाळ्यात ते वाळून पृष्ठभाग पाटीसारखा सपाट होतो. कित्येक मैल सरळ धाव घेण्यास मोकळी जागा असल्याने जगातील वेगाचे विक्रम करणारे लोक ऑगस्टच्या सुमारास तेथे जमतात. मिठावर काळी रेघ ओढलेली असते. स्वाराने ती धरून जावयाचे. पांढऱ्याशुभ्र मैदानात दुसरी कसलीच खूण नसल्याने त्या रेघेवाचून दिशा कळत नाही.

मन्रो एकूण दहा वेळा बॉनव्हिलला गेले. पहिल्या खेपेस केवळ पाहण्यासाठी. उरलेल्या नऊ खेपांस धावण्यासाठी. हा प्रवास काटकसरीने साठविलेल्या पैशावर व मित्रमंडळींच्या साह्यावर होई. हृदयविकाराची व्यथा जडलेली असतानाही त्यांनी या वाऱ्या चुकविल्या नाहीत. इ. स. १९६२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी ८८३ घनसेंटिमीटरच्या वर्गात ताशी १७८.९७ मैलांचा विक्रम केला. १९६६ मध्ये १,००० घनसेंटिमीटरच्या वर्गात १६८.०७ मैल, आणि १९६७ मध्ये त्याच वर्गात १८३.५८६ मैल, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटर, अशी नोंद झाली. त्या वेळी स्वार अडुसष्ट वर्षांचा व गाडी सत्तेचाळीस वर्षांची होती.

वाचकांतील विद्यार्थ्यांसाठी एक हिशेब मांडतो. मूळचा वेग ५५ आणि नंतरचा १८३. म्हणजे वाढ सव्वातीनपटीहून अधिक. परंतु वाऱ्याचा अडथळा तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट हवी. तिप्पट हवा तर सत्तावीसपट. एकट्या इंजिनाच्या बळावर हे साधणे दुर्घट होते. म्हणून मन्रो यांनी गाडीभोवती माशाच्या आकाराचे निमुळते कवच चढविले व स्वतः त्याच्या आत जवळजवळ पालथे पडून गाडी हाकली. वारा कापण्यापेक्षा वाऱ्यास न दुखविता निसटून जावे, हे तत्त्व त्यांनी ओळखले होते.

हे काम धोक्याचे होते. १९६७ च्याच एका धावेत निम्म्याहून अधिक अंतर गेल्यावर गाडी डगमगू लागली. वेग उतरावा म्हणून मन्रो कवचातून वर उठून बसले, तोच वाऱ्याच्या झोताने डोळ्यांवरील चष्मा उडवून नेला व काही दिसेनासे झाले. काळ्या रेघेपासून गाडी इतकी दूर सरकली की, एक पोलादी खुंट काही इंचांनी चुकला. अखेर त्यांनी गाडी मिठावर आडवी पाडली. अंगावर थोडेफार ओरखडे आले, एवढ्यावरच निभावले.

आता या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारण केवळ स्तुती म्हणजे चरित्र नव्हे. मन्रो यांचा विवाह झाला होता. तीन मुली व एक मुलगा अशी चार अपत्ये होती. पुढे पतिपत्नी विभक्त झाली, आणि मन्रो अनेक वर्षे आपल्या कार्यशाळेतच राहिले. ज्या खोलीत यंत्र, त्याच खोलीत अंथरूण. रात्रंदिवस एका ध्यासाच्या मागे लागलेल्या माणसाच्या घरच्यांना त्या ध्यासाची किंमत मोजावी लागते, ही गोष्ट आपल्या समाजातील जुन्या कारागिरांच्या गृहिणींना नव्याने सांगावी लागणार नाही. आम्ही तरुणांस मन्रो यांच्या चिकाटीचे अनुकरण करावयास सांगू. त्यांच्या संसाराचे नव्हे.

१९७१ साली रॉजर डोनाल्डसन या तरुण चित्रपटकाराची व मन्रो यांची भेट झाली व त्यातून त्यांच्यावर एक अनुबोधपट निघाला. त्याच्या नावातही तो वेगदेवतेचा नैवेद्य आहे. याच डोनाल्डसन यांनी तीस-पस्तीस वर्षांनंतर आरंभी उल्लेखिलेला मोठा चित्रपट केला. १९७७ साली मन्रो यांस पक्षाघाताचा झटका आला व हातापायांवरील ताबा उणावला. आपल्या गाड्या आपल्या मुलखातच राहाव्यात या इच्छेने त्यांनी दोन्ही गाड्या इन्व्हरकार्गिलमधील व्यापारी नॉर्मन हेज यांस विकल्या. दि. ६ जानेवारी १९७८ रोजी हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. हेज यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात त्या गाड्या पुढे लोकांच्या दर्शनासाठी मांडल्या गेल्या. खिळे-मोळे, बिजागऱ्या घ्यावयास आलेल्या गिऱ्हाइकाने जाता जाता ते यंत्र पाहावे, यापेक्षा उचित स्मारक त्या कारागिराचे कोणते असू शकेल?

येथवरची कथा कोणीही सांगेल. आमच्या शोधाचा खरा गाभा यापुढे आहे.

चित्रपटात अखेरच्या धावेत गाडी ताशी दोनशे मैलांची मर्यादा ओलांडते. आम्ही ग्रंथ व नोंदी पाहू लागलो तेव्हा अधिकृत आकडा १८३.५८६ आढळला. मग चित्रपट खोटा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रपटाने अनेक वर्षांच्या अनेक वाऱ्या एकाच प्रवासात गुंफल्या आहेत. तो नाटककाराचा अधिकार होय. तथापि इतिहास लिहिणाराने मात्र आकड्यांची जात ओळखली पाहिजे. एक आकडा असतो तो कोणी तरी पाहिल्याचा, सांगितल्याचा. दुसरा असतो एकाच दिशेने मोजलेल्या धावेचा. १९६७ मध्ये पात्रतेच्या अशा एकेरी धावेत मन्रो यांनी १९०.०७ मैलांचा वेग गाठला होता. तिसरा आकडा विक्रमाचा. विक्रमासाठी मोजलेल्या अंतरावरून एकदा जावे लागते व उलट दिशेने परतावे लागते, आणि दोन्ही धावांची सरासरी काढली जाते. कारण उघड आहे. जाताना पाठीशी असलेला वारा परतताना तोंडावर येतो, आणि कोणास फुकटचा लाभ मिळत नाही. हा नियम आम्हांस फार आवडला. माणसाच्या कर्तृत्वाचेही असेच एका दिशेने माप घेऊ नये.

आता १९६७ च्या त्या दोन धावांचे आकडे पाहा. उत्तरेकडील धाव १८४.७१०, दक्षिणेकडील धाव १८३.४६३. बेरीज ३६८.१७३. तिचे निम्मे करा. उत्तर १८४.०८६५, म्हणजे तीन दशांश स्थळांपर्यंत १८४.०८७ येते. आणि अधिकृत पुस्तकात लिहिले होते १८३.५८६! सरासरी काढण्यात चूक झाली होती. सातवीतल्या मुलास पाटीवर करता येईल असा हा हिशेब. परंतु छापील आकडा एकदा पक्का झाला की, तो पुन्हा करून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. विक्रमाची सूची व ग्रंथ यांनी तोच आकडा पुढे नेला. अखेर ही चूक ध्यानात आली ती मन्रो यांचे चिरंजीव जॉन यांच्या. त्यांनी ती अमेरिकन मोटारसायकल संघटनेच्या नजरेस आणून दिली. संघटनेने पडताळणी केली, आणि इ. स. २०१४ मध्ये, मन्रो यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, त्यांचा विक्रम १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६.२६ किलोमीटर, असा अधिकृतपणे दुरुस्त करण्यात आला.

योगायोग पाहा : विक्रमाच्या वेळी गाडी सत्तेचाळीस वर्षांची होती, आणि तो विक्रम शुद्ध होण्यासही सत्तेचाळीसच वर्षे लागली.

फरक किती म्हणाल, तर ताशी अर्धा मैल. एक मैल तोडण्यास लागणाऱ्या वेळात तो सुमारे पाच शतांश सेकंद भरतो. डोळ्याची पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. 'एवढ्यासाठी मृत पित्याच्या नावे पत्रव्यवहार कशाला?' असे कोणी म्हणेल. परंतु विचार करा. ज्या मनुष्याने त्या अर्ध्या मैलासाठी रात्री जागविल्या, डबे वितळविले, दांडे घासले, मिठावर अंग टाकले, त्याचा तो अर्धा मैल कारकुनाच्या लेखणीखाली हरवावा, हे त्याच्या पुत्रास कसे सहन व्हावे? विशेष म्हणजे, पुत्राने चित्रपटातील दोनशेचा आकडा मागितला नाही. जो खरा होता तोच, अर्ध्या मैलाने मोठा, मागितला. बाप घरी फारसा लाभला नसेल अशा मुलाने बापाचा हिशेब चुकता करावा, याहून मोठे श्राद्ध आम्हांस ठाऊक नाही.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्याचे कारण आता सांगतो; आरंभी म्हटलेले दुसरे उत्तर ते हेच.

अकरा वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत आम्ही आपल्या समाजातील एका दिवंगत ओतकारांवर लेख लिहिला होता. नात्याने ते आमचे दूरचे आजोबा. गावच्या देवीच्या देवळात त्यांनी ओतलेली घंटा आहे. ती पाच मणांची असून पहिल्याच ओतात साधली, असे आम्ही मोठ्या अभिमानाने छापले. हा मजकूर आम्ही लहानपणी ऐकलेल्या गोष्टींवरून लिहिला होता. लेख सर्वांस आवडला. मंडळाच्या सभेत त्याचे कौतुकही झाले. पुढे दोन महिन्यांनी त्या आजोबांची नात आमच्या घरी आली. तिने पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक वही काढली आणि हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, हे आजोबांच्या हातचे आहे. तुम्ही एकदा पाहावे."

वहीत मोडी अक्षरात हिशेब होता. घंटेचे वजन पावणेतीन मण. पहिला ओत तडकला. दुसऱ्यास कानाजवळ पोकळी राहिली व नाद बद्द आला. तिसरा साधला. तिन्ही वेळचे तांब्याचे व कथलाचे प्रमाण, कोळशाचा खर्च, साचा किती दिवस वाळविला, हे सर्व त्या माणसाने तपशीलवार लिहून ठेविले होते. आपले दोन्ही अपयश त्याने लपविले नव्हते. ते आम्ही त्याच्या वतीने लपविले होते, आणि वर सव्वादोन मणांची भर घातली होती!

आम्ही तिला म्हणालो, "पुढच्या अंकात दुरुस्ती देतो." तो पुढचा अंक निघाला, त्यानंतर आणखीही निघाले. आम्ही दुरुस्ती दिली नाही. कोणी विचारले नाही, आणि आम्हांस लाज वाटली, एवढेच त्याचे कारण. शाळेत मुलाच्या उत्तरपत्रिकेतील बेरीज चुकली तर ती आम्ही वर्गासमक्ष सुधारीत असू. परंतु स्वतःच्या छापील शब्दापुढे आमचे धैर्य खचले. मन्रो यांच्या पुत्राची हकीगत वाचली तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ती नात आमच्याकडे काय मागावयास आली होती. तिला मोठा आकडा नको होता. तिला तिचे आजोबा हवे होते. तीन वेळा भट्टी पेटविणारे, खरे आजोबा.

म्हणून ज्ञातिबांधवांसमक्ष आम्ही येथे लिहून देतो की, देवीच्या देवळातील ती घंटा पावणेतीन मणांची असून तिसऱ्या ओतात साधली. आमचा पूर्वीचा मजकूर या दोन्ही बाबतीत चुकीचा होता. त्या वहीची नक्कल काढण्यास कुटुंबाने संमती दिली आहे. मंडळाच्या कार्यालयात ती ठेवली जाईल. ज्यांच्या घरी पूर्वीची स्मरणिका असेल त्यांनी त्या पानावर स्वहस्ते दुरुस्ती करावी, ही विनंती.

आणखी एक विनंती सर्व कुटुंबांस आहे. आपल्या घरांत जुन्या वह्या, वजनाच्या चिठ्ठ्या, गिऱ्हाइकांची पत्रे, छायाचित्रे असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नयेत. छायाचित्रामागे नाव, गाव व साल पेन्सिलीने लिहून ठेवावे. वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांस विचारावे. आणि विचारताना 'सर्वांत मोठे काम कोणते केलेत?' एवढेच न विचारता 'कोणता ओत फसला, व का फसला?' हेही विचारावे. फुटके तुकडे सापडले तर तेही राखावे. न्यूझीलंडमधील त्या वृद्ध कारागिराने त्यांची एक फळी केली होती. आपल्या मंडळाच्या कार्यालयातही अशी एक फळी असावी, असे आमच्या मनात आहे. तिच्यावर पहिली वस्तू म्हणून त्या पहिल्या, तडकलेल्या घंटेचा एक तुकडा देण्याचे त्या नातीने कबूल केले आहे. तिच्या घरी तो आजवर दाराला अडण म्हणून लावलेला होता.

असो. लेखात कोठे आकड्याची वा अन्य चूक आढळल्यास वाचकांनी आम्हांस अवश्य कळवावे. या खेपेस दुरुस्ती पुढच्याच अंकात येईल.